दोन नावांच्या नऊ मुली

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. तेव्हा राणीचं राज्य होतं आणि आमची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. शिकण्याची मला फार गोडी होती असं नाही. पण लग्न ठरवताना वडिलांनी व्याह्यांकडून कबूल करून घेतलं होतं की शाळा चालू आहे तोवर मुलगी माहेरी राहील. सासर दोन आळ्या पलीकडे होतं आणि तिथे आजेसासूबाई पाय चेपायला माणूस शोधत बसलेल्या असायच्या. म्हणून शाळा चालू राहणं मला जरुरीचं होतं.

शाळा टिकायला पटावर वीस मुली लागत. मास्तर दर महिन्याला संख्येचा तक्ता ठाण्याला पाठवायचे, तिथून तो आणखी वर जायचा. आकडा विसाच्या खाली गेला की शाळा बंद.

लग्नसराईत मुलींच्या शाळा ओस पडतात, हे सगळीकडचं. आमच्या शाळेचा पट मात्र वैशाख सरला की वाढायचा. त्याचं कारण असं. लग्नात मुलीचं नाव बदलतं. माझं बदललं, तशा सासूबाई देवदर्शनाला म्हणून आल्या आणि ओवरीत शिरल्या.

"मास्तर, सून आमची आहे. सरकारच्या बुकात आमच्या घरचं नाव लागलं पाहिजे."

मास्तरांनी नवं नाव लिहिलं. जुनं खोडणार, एवढ्यात आईला कुठून तरी कळलं.

"माझी मुलगी धडधाकट आहे. तिच्या नावावर तांबडी रेघ मारता? गेलेल्या माणसाचं नाव खोडतात."

मास्तर भित्रे. त्यांनी रेघ मारली नाही. दोन वर्षांत अशा आम्ही नऊजणी झालो. रोज माहेरच्या नावाला एकदा आणि सासरच्या नावाला एकदा "हजर" म्हणायचो. यात लबाडी आहे असं मास्तरांना वाटत नव्हतं, आणि आम्हाला कोण विचारतो. नावं दोन, म्हणून हजेऱ्या दोन.

मग श्रावणात ठाण्याहून डिपुटीसाहेब आले. शाळा तपासायच्या आणि तक्ते ताडून बघायचे, हे त्यांचं काम. लग्नसराईत वाढणारी शाळा एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून आलो, म्हणाले. मास्तर खूश झाले. साहेबांनी पट स्वतःच्या हातात घेतला आणि माझं माहेरचं नाव वाचलं. मी उठले, "हजर" म्हटलं, बसले. थोड्या वेळाने सासरचं नाव आलं. मी उठले.

"काय गं, तू मघाशी उठली होतीस ना?"

"हो."

"मग परत का उठलीस?"

"मघाशी मी माहेरची होते. आता सासरची आहे."

"आणि आज शाळेत कोण आलंय?"

"मीच."

पुढचं नाव वाचलं, तर एकदा उठून बसलेली दुसरी मुलगी उठली. साहेबांनी पट मिटला आणि बोटाने डोकी मोजली. त्या दिवशी झाडून सगळ्या आल्या होत्या. पटावर अठ्ठावीस, ओवरीत एकोणीस.

"मास्तर, हे काय चालवलंय?"

"साहेब, खोडलं तर आया भांडतात. लिहिलं नाही तर सासवा."

"तुमच्या बायकोचीही नावं दोन असतील. जेवताना तिची पानं दोन मांडता?"

"नाही साहेब. एकच," मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले. आम्ही हसलो. साहेबही हसले, पण हातातली लेखणी काही खाली ठेवली नाही. एका मुलीला एक ओळ, असं त्यांनी ठरवून दिलं. नवं नाव जुन्याच्या खाली, बारीक अक्षरात. रेघ कुठेच नको.

"साहेब, एकच तर कमी आहे," मास्तर म्हणाले.

"एक कमी म्हणजे कमीच. महिनाअखेर खरा आकडा पाठवा. वीस भरले तर शाळा राहील."

मी तडक सासरी गेले. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सहा वर्षांची नणंद शेजारी बसून खडे वेचत होती. तिला शाळेत घालायला सासूबाईंनी आधी साफ नकार दिला होता.

"साहेबांनी तुमच्याकडचं नाव माहेरच्या नावाखाली लिहायला लावलं," मी म्हटलं.

"खाली?"

"खाली. बारीक अक्षरात."

इथपर्यंत खरं होतं.

"शाळेला एक मुलगी कमी पडतेय. समोरच्या काकू त्यांच्या मुलीला घालणार आहेत. तिचं नाव अख्ख्या ओळीत येईल."

हे खोटं होतं. समोरच्या काकू मुलीला उंबऱ्याबाहेर सोडत नसत. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आणि आमच्या मुलीला काय झालंय?"

"शाळा राहिली तर ही घरी कधी यायची? माझ्या पायांचं काय?" आतून आजेसासूबाईंनी विचारलं. सासूबाईंनी पुन्हा सूप उचललं आणि जोरजोरात पाखडायला लागल्या.

नणंद विसावी झाली. मास्तरांना आता दहशत बसली होती. मुलगी समोर बसलेली दोनदा बघितल्याशिवाय ते तिची हजेरी मांडत नसत. नणंदेचं मात्र रोज सकाळी पोट दुखायचं. मग मी तिला कडेवर घेऊन दोन आळ्या चालत असे. ती अक्षर गिरवायची नाही, आमच्या गप्पा घरी जाऊन सांगायची, आणि परतताना पुन्हा कडेवर बसायची. चौथीची परीक्षा होईपर्यंत दीड वर्ष मी तिला वाहिली. एवढं पुढे माझ्या स्वतःच्या पोरांनाही वाहिलं नाही.