नागपंचमीचा तवा

बुलढाण्यात चित्रांचं एक संग्रहालय आहे. भिंतींवर चित्रं टांगलेली, आणि मागच्या मोठ्या खोलीत वर्षातून एकदा चार दिवस पिक्चर दाखवतात. तिथं माझ्या मेलेल्या बायकोचा पिक्चर लागणार, असं पोरीनं सांगितलं तेव्हा मी आधी येत नाही म्हणालो.

लोकांना वाटलं, म्हातारा रडायला भितो. तसं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिथल्या दोन बाया कॅमेरा घेऊन जानेफळजवळच्या आमच्या खेड्यात आल्या होत्या. नागपंचमी होती. त्या दिवशी बायका भिंतीवर गेरू-चुन्यानं नाग काढतात, ते त्यांना पाहिजे होतं. माझी बायको झकास काढायची. त्या दिवशी आमच्यात चुलीवर तवा ठेवत नाहीत. नागाचा फणा भाजतो म्हणतात. सगळं उकडून खायचं. मला ती गोड दिंडं जात नाहीत. भूक लागलेली, त्यात हिचं कॅमेऱ्यापुढं चाललेलं. मी ओरडलो, "नाग काढून पोट भरते काय? तवा ठेव अन् भाकर टाक!"

थोड्या वेळानं ताटात गरम भाकर आली. मी खाल्ली.

दीड महिन्यात ती गेली. दवाखान्यात किडनी म्हणाले. मी मनात तवा म्हणालो. पोरीला सांगितलं नाही. आता ते सगळं पोरीच्या शेजारी बसून पाहायचं होतं.

अंधार झाला. लघवीला जातो म्हणून मी दोनदा उठलो. पोरीनं धोतर धरून बसवलं. "गप बसा ना बाबा, लोकं पाहून राह्यले."

पडद्यावर ती आली, दारापेक्षा मोठी. बोटाला गेरू. मग माझं ओरडणं आलं. लोक हसले. आता चूल दिसणार.

ती चुलीकडं गेलीच नाही. हात धुतले आणि परसातल्या भिंतीशी गेली. पलीकडं मुसलमानाचं घर, त्यांना हा नेम नाही. "भाभी, दोन भाकरी देतीस काय वं? आमचं येडं उपाशी हाये." भिंतीवरून फडक्यात बांधलेल्या भाकरी आल्या. कॅमेऱ्याकडं पाहून ती म्हणाली, "त्याईले सांगू नका बरं. तवा ठेवला असंच वाटू द्या." आणि तोंडाला पदर लावून हसली.

बाहेर येऊन मी पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तं मले मायनं त्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं. हासून हासून बेजार झाली होती."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कदी इचारलं? मायचा विषय निंगला का उठून वावरात जाता."

भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. तव्यानं नेली नाही, तर मग ती पाय सुजले म्हणत होती ते समोर येतं. महिनाभर म्हणत होती. मी म्हणायचो, "तेल लाव."

एसटीत पोरगी माझ्याजवळ बसली. मायनं तिला तेही फोनवर सांगितलं असेल काय? मेहकर येईपर्यंत विचारायची हिंमत झाली नाही. अजून झाली नाही.