भाषणांनी दमवलेली बॅटरी

आमच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले, त्यामुळे प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं असा माझा बरीच वर्षं समज होता. बाबा जमिनींच्या प्रश्नावर सभा घेत. गिटार मात्र मी नवीन पनवेलमधल्या एका क्लासात शिकले. तिथे पत्रकं नव्हती, पण धर्म होता. त्या धर्माचं नाव टोन, म्हणजे आवाजाचा पोत.

बोटं नंतर, आधी टोन, असं आमचे सर सांगत. आणि टोन परदेशातूनच येतो, हे त्यांना सांगावंही लागत नसे. नेऱ्याकडे फार्महाऊस असलेल्यांची मुलं पायाशी आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग मांडून बसत. त्यातलं नेमकं कोणतं चालू आहे हे शोधण्यातच त्यांचा तास संपे. माझ्याकडे जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, गिटारचा आवाज वाढवणारा सरावाचा अ‍ॅम्प होता आणि आवाज खरखरीत करणारं एक जुनं डिस्टॉर्शन पेडल. मला क्लासच्या वार्षिक कार्यक्रमातला सोलो हवा होता. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

एका दुपारी पेडलची बॅटरी संपली. घरात नवी नव्हती. सभेच्या बिनतारी माईकमधून काढून टाकलेल्या चौकोनी बॅटऱ्या तेवढ्या होत्या. त्यातली एक घातली, तर आवाज आला नाकातला, तुटका, कडेला किंचित फाटलेला. मग मी हट्टालाच पेटले. सगळी बटणं फिरवली: डिस्टॉर्शन शून्यावर, लेव्हल पूर्ण, अ‍ॅम्पचा गेन शेवटपर्यंत, गिटारचा आवाज निम्म्यावर. पहिली तार सैल करून दुसरीच्या सुरात आणली आणि दोन्ही एकदम, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला चिकटून, भराभर छेडल्या.

आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली. "कोणाची हळद हाय गो?"

पनवेल-उरणच्या गावांत हळदीला बेंजो लागतो. एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या आणि सगळं भोंग्यातून गावावर सोडायचं. लग्नाला न आलेला माणूस माफ होतो, हळद चुकवलेला होत नाही. तो बेंजो माझ्या डबड्यातून निघत होता.

नवी बॅटरी घालून पाहिली. आवाज साफ, गुळगुळीत आणि मूर्ख. तेव्हापासून मी बाबांच्या दमलेल्या बॅटऱ्या जपून ठेवू लागले. प्रास्ताविकाने काही होत नसे, ठरावांपर्यंत टिकलेली बॅटरी बरी निघे. "अध्यक्षीय समारोपानंतरची ठेवू का तुला?" बाबा विचारत. त्यांना ती थट्टा वाटे. मला खरंच हवी असे.

क्लासात मी चार सूर वाजवले असतील नसतील, सरांनी हात वर केला.

"थांब. हा गिटारचा क्लास आहे, हळदीचा मांडव नाही."

पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने तो हसला, जो आदल्याच आठवड्यात चुलतभावाच्या हळदीत शर्ट फाटेपर्यंत नाचला होता.

"सर, मांडवाचं काय वाईट आहे?"

"वाईट नाही गं. आपल्या लेव्हलचं नाही."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

सरांनी उत्तराऐवजी वायर पुढे केली. "बोटं चांगली आहेत तुझी. सोलो तुलाच देतो. पण माझ्या प्रोसेसरमधून वाजवायचं." त्यांनी बटणं दाबून दाखवली. आत ढीगभर टोन होते, सगळे दुसऱ्याच कुणाचे तरी.

"नको."

"मग वाजव तुझ्या डबड्यातून," सर म्हणाले. फारच पटकन म्हणाले. पत्रकांवर वाढलेली माणसं सरकारचा संशय घ्यायला तरबेज असतात, गिटारच्या सरांचा घेत नाहीत.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मी पहिला सूर छेडला आणि हॉलचे मोठे स्पीकर गप्प. बाकीच्यांच्या अ‍ॅम्पसमोर माईक होते, माझ्यासमोर फक्त पाण्याची बाटली. विंगेत सर हाताची घडी घालून उभे होते. सोलो दिला होता, ऐकू येऊ द्यायचा नव्हता. मी वाजवत राहिले. पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू जात असावं, मागे गप्पा सुरू झाल्या.

प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी खुर्चीत मागे वळल्या. गळ्यातलं सोनं वाजलं. "ए, गप ऱ्हावा रं सगली! बेंजो वाजतंय, ऐकाला येत नाय!"

सभागृह गप्प झालं. मला साथ करणाऱ्या ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि बोटांनी हळदीचा ठेका धरला. मागून हाका आल्या, "वाढवा वो आवाज!" टाळ्या ठेक्यात पडायला लागल्या. टाळ्या वाजवणारे सगळे पालक होते, म्हणजे पुढच्या वर्षीचे प्रवेश होते. सर साउंडवाल्याकडे धावले.

"घे वर! तिला वर घे!"

"कशी घेऊ, सर? माईकच नाय लावला. तुमीच बोललात, डबड्याला माईक नको."

सर स्वतःच माईक घेऊन स्टेजवर आले. स्टँड तेवढा खाली जाईना. शेवटी ब्लेझरसकट गुडघ्यांवर बसून त्यांनी माईक अ‍ॅम्पच्या तोंडाशी धरला आणि तो भलामोठा, फाटका, नाकातला आवाज अख्ख्या सभागृहात शिरला. खुर्च्या सरकल्या, बाया उठल्या.

शेवटची ओळ मी तीनदा वाजवली, सर तसेच गुडघ्यांवर. गरज एकदाचीच होती.