गुणाजीच्या फायलींतली नावं

चारकोपच्या आमच्या मार्केटात गुणाजी परबांचं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून माझं साडीला फॉल-बीडिंग करायचं. वीस वर्षं भिंतीला भिंत. माणूस मूळचा देवगडचा, गिरणी कामगाराचा मुलगा, आणि उपकार करायची खोड इतकी, की बघणाऱ्याला चीड यावी. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आधारकार्ड पाठवायचं, हे प्रिंट काढून ते कॉम्प्युटरात जपून ठेवायचे. "पुन्हा लागलं तर बिचाऱ्यांना शोधायला नको." एका नावाची माणसं फार, म्हणून प्रत्येक फाइलीला खूण. 'पाटील काका गुडघेवाले.' 'निशा, दोनदा नापास.'

मंगळवारी निहार आला. समोरच्या सोसायटीत राहतो, कंपन्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून राखणं हीच त्याची नोकरी. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "काका, डार्क वेब म्हणजे इंटरनेटचा चोरबाजार. तिथे हजार लोकांचे आधार, पॅन, फोटो विकायला आलेत. फायलींची नावं बघा."

गुणाजींनी वाचलं आणि मटकन स्टुलावर बसले. पासपोर्ट फोटो कापायचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनी कुठून तरी उतरवलं होतं, त्यातूनच चोर आत शिरला, हे निहारने कॉम्प्युटर तपासून सांगितलं.

मीही वाकून बघितलं. 'जयाताई फॉलवाली, नवरा सोडून गेलेला.'

अंगाची नुसती लाहीलाही झाली! अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, नवरा मस्कतला असतो.

"हे लिहायची काय गरज होती हो?"

"मार्केटात तीन जया आहेत गं," ते पुटपुटले. "रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी करायचा फॉर्म मीच भरलेला ना, तेच डोक्यात राहिलं."

निहार म्हणाला, "लोकांना आजच सांगा. आधार लॉक करता येतं." तो गेल्यावर मी गुणाजींना दम भरला, "एक शब्द बोललात तर याद राखा. जो तो ती यादी शोधत बसेल, माझी अब्रू जाईल." बिचारे गप्प बसले. दोन दिवस ना जेवण, ना कुणाशी बोलणं. मला सगळं दिसत होतं. तरी मी आपली फॉल लावत बसले.

गुरुवारी दुपारी प्रेमाआजी आली. कोळीवाड्यातली, बाजारात मच्छी विकते.

"गुणाजी, पोलिसांनी बोलावलंय रे. माझ्या नावावर कुणी सिमकार्डं घेतली नि लोकांना फसवलं म्हणतात. मी तर मच्छी विकते! माझं आधार तुझ्याकडे आहे ना? त्याची एक झेरॉक्स दे, ती घेऊन या म्हणालेत."

गुणाजींचा हात मशीनपर्यंत गेलाच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी मलाच लाज वाटली.

"सांगा तिला," मी म्हटलं.

त्यांनी सगळं सांगितलं, पाया पडले, आणि शटर ओढून तिच्याबरोबर चौकीत गेले.

शुक्रवारी सकाळी दुकानावर पुठ्ठा लटकला होता. 'तुमची कागदपत्रं, त्यांवर मी लिहिलेल्या खुणांसकट, माझ्या चुकीने चोरीला गेली. आधार लॉक करून देतो. माफ करा.' तासाभरात ही गर्दी! शिव्या, धक्काबुक्की. कुणीतरी गुणाजींची कॉलर धरली. पाटील काका ओरडत होते, "आमच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते आधी दाखव!"

मी माझी शिलाई मशीन बंद केली आणि जाऊन मध्ये उभी राहिले.

"जयाताई, तुमचं पण गेलं?" कुणीतरी विचारलं.

"गेलं. त्यात लिहिलंय, नवरा सोडून गेला. खरं तेच लिहिलंय. आता कॉलर सोडा, आणि लायनीत उभे राहा."