हात मोजणारे मामा

आपल्या देशात लोकशाही अजून शिल्लक आहे ती कोणामुळे, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून माझ्या आत्याच्या यजमानांकडे बोट दाखवीन. आत्याचे यजमान म्हणून आमचे ते मामा. पलटणीतून सुभेदार होऊन परतले आणि कुंडलच्या अलीकडच्या आपल्या गावात ऊस लावून राहिले. उसाकडे त्यांचं लक्ष बेताचंच असतं. चार माणसं जमली आणि चौघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं, की मामा अस्वस्थ होतात. चौघांतला एक तरी खोटं बोलतोय किंवा भितोय, असं त्यांचं ठाम मत आहे. घरातसुद्धा वांग्याची भाजी करायची की पावटा, यावर हात वर करून मत घेतलं जातं, आणि सगळे वांग्यावर आले तर विरोधात कोणीतरी चार शब्द बोलल्याशिवाय ताट वाढू देत नाहीत. एकदा पोटात कावळे ओरडत असताना आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, विरोधात मी हाय. पन भाजी चिरून झालीया, तवा गप जेवा." मामांनी विरोधाची नोंद घेतली आणि वांगं खाल्लं.

मी वाईला शाळेत शिकवतो. एकदा साताऱ्याहून मी आणि मामा एसटीने गावाकडे निघालो होतो. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कंडक्टरने गर्दीलाच विचारलं, की पुढचा थांबा सोडून द्यायचा का? सगळी गाडी एका सुरात "सोडा, सोडा" म्हणाली. त्या सुरात माझाही सूर होता, कारण कोणाची तरी ट्रंक माझ्या पायावर होती. मामा तेवढे उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की गाडीतल्यांचं मत झालं, थांब्यावरच्यांचं कोण घेणार? गाडी थांबली. भाजीच्या पाट्या घेऊन तीन बायका चढल्या, त्यांतल्या एकीला मामांची जागा मिळाली आणि मामा घरापर्यंत दांडीला धरून उभे राहिले. गाडीतले लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती बघून मी खिडकीबाहेर उसाची पाहणी करत होतो.

असल्या माणसाच्या गावाला सरपंच मिळाला तो सगळ्यांचा लाडका. त्याला गाव दादा म्हणतं. दादा वाईट माणूस मुळीच नाही, हे आधी सांगतो. कोणाच्या मयताला, कोणाच्या जावळाला तो चुकायचा नाही. बायकांना गाड्या करून देवदर्शनाला नेलं, घराघरात मिक्सर दिले. मामांनीही मत त्यालाच दिलं होतं आणि ते सगळ्यांना सांगतात. पण लाडक्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हळूहळू ग्रामसभेचं स्वरूप असं झालं, की देवळाच्या मंडपात दादा उभा राहून "मंजूर?" म्हणायचा, मंडप "मंजूर" म्हणायचा आणि चहा यायचा.

अशाच एका सभेत माळावरच्या गायरानाचा ठराव आला. तिथे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी मैदान करायचं होतं. आता गंमत अशी, की हे मैदान मुळात मामांनीच मागितलेलं. गावातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, शेजारून उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि मामांचा जीव टांगणीला लागतो. किती वर्षं अर्ज लिहून लिहून त्यांनी पेनं झिजवली. दादाने "मंजूर?" विचारलं, मंडप गरजला, आणि मामा उभे राहिले. लोकांना वाटलं आभार मानणार.

मामा म्हणाले, की त्या माळावर धनगरांच्या वस्तीची मेंढरं बसतात आणि वस्तीतलं एकही माणूस सभेत नाही, कारण दुपारी सगळी वस्ती मेंढरांमागे रानात असते. दादा हसून म्हणाला, "आवं मामा, मैदान तुमचंच. समदं गाव व्हय म्हणतंय. लोकांचा आवाज मला कळतो की."

"आवाज ऐकू नगंस दादा," मामा म्हणाले, "हात मोज. न्हाई म्हणणारी माणसं रानात हायत. त्यास्नी येऊ दे, मग मोज."

मंडपात कुजबुज झाली. म्हातारा चळला, असंही कोणी म्हणालं. पण मामा चहालाही बसले नाहीत, तेव्हा दादाने सभा पुढच्या आठवड्यात ठेवली, तीही सकाळी, मेंढरं सुटायच्या आधी.

वस्तीतली सगळी माणसं आली. एक म्हातारी बोलायला उठली. चारी बाजूंना ऊस झालाय, पावसाळ्यात मेंढरं टेकवायला तेवढा एकच माळ उरलाय, तोही गेला तर मेंढरं काय तुमच्या सोप्यात आणून बसवू का, असं तिने विचारलं. कोणी हसलं नाही. मग दादाने हात मोजले. वस्तीबरोबर गावातलेही काही हात विरोधात होते. त्याचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. मैदानाचा ठराव सात हातांनी पडला.

मामांचा हात मैदानाच्या बाजूनेच होता. शेवटपर्यंत वर होता.

पोरं अजून रस्त्यावरच पळतात. त्यांतल्या काहींनी मामांशी बोलणं टाकलं. मामा मात्र उजाडताना शिट्टी घेऊन वळणावर उभे राहतात आणि ट्रॅक्टरवाल्यांना हळू जायला लावतात. आता त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून आत्या मागून खुर्ची नेऊन ठेवते. गेल्या खेपेला मी त्यांच्याजवळ थांबलो होतो. तुमच्यामुळेच तुमचं मैदान गेलं, वाईट नाही वाटत का, असं मी विचारलं.

"वाटतं की. लय वाटतं," ते म्हणाले. "पन मैदान परत मागता येतंय. ती म्हातारी सभंला यायची बंद झाली असती, तर तिला कुटनं आणायची?"

एवढ्यात पोरं आली आणि मामा शिट्टी फुंकत खुर्चीतून उठले. पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एक ट्रॅक्टरवाला मात्र थांबला आणि त्याने मला विचारलं, की तुम्ही त्या आडव्या म्हाताऱ्याचे कोण? पूर्वी मी असा प्रश्न टाळायचो. मी म्हणालो, भाचा. मग ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं.