दुसऱ्या गिअरमध्ये धानोरा

सावली गावच्या बाजारात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या हर्षाला कुणी 'बिचारी' म्हटलेलं खपत नसे. म्हणणाऱ्याचं कव्हर ती चोख शिवून देई, पण चहा विचारत नसे. लहानपणी पोलिओने डावा पाय लुळा केला, काखेत कुबडी आली आणि तेव्हापासून एकच शब्द तिच्या मागे लागला: उचला. एसटीत चढवायचं, उचला. बैलबंडीतून उतरवायचं, उचला. थोरला भाऊ नागसेन मायेनेच उचलायचा, त्यात खोट नव्हती. पण उचलण्याआधी माणसाला विचारावं की नाही? धानाच्या पोत्याला विचारता येत नाही, हर्षाला येत होतं.

म्हणून चाळिशीला टेकल्यावर तिने एक जुनी, छोटी कार घेतली. लोकांना वाटलं, दुकानापुढे शोभेला ठेवील. ही बाई ती चालवणार आहे हे कळल्यावर मात्र सगळ्यांना अचानक तिची काळजी वाटू लागली. काळजी फुकट असते, म्हणून लोक ती सढळ हाताने वाटतात.

अडचण एकच होती. क्लच डाव्या पायाने दाबायचा आणि डावा पाय नावापुरता. तिने शेजारच्या नूर मोहम्मद मिस्त्रीला गाठलं.

"नूरभाई, गिअरच्या दांड्याले मोटरसायकलसारखा क्लच लावून द्या. हातानं दाबीन."

"कारचा क्लच आहे बाई, हातानं दबते का तो?"

हर्षाने रेक्झिनची जाड घडी घेतली आणि कात्रीने एका दमात कापून त्याच्यापुढे टाकली. आयुष्यभर कात्री चालवलेला हात होता तो. नूरभाई पाना शोधायला लागला.

पहिली केबल तुटली, दुसरी अडकली. दोघं कडाकडा भांडले, आठवडाभर अबोला धरला आणि पुन्हा गाडीखाली शिरले. शेवटी जोडणी जमली. क्लचची मूठ हर्षाने उरलेल्या लाल रेक्झिनने मढवली. चंद्रपूरच्या आरटीओ साहेबाने वाकवाकून सगळं तपासलं, मैदानात गाडी फिरवून घेतली आणि लायसन्स दिलं. पुढे फ्यूज बदलणं, वायपर बसवणं ती स्वतःच करू लागली. धान घरात आलं की उंदीर वायरी कुरतडत, तर तिने डांबराच्या गोळ्यांच्या पिशव्या शिवून इंजिनाजवळ टांगल्या.

आणि मग धानोऱ्याहून नागसेनचा फोन आला. त्याच्या मुलीचं, रोशनीचं लग्न ठरलं होतं.

"तुले आनाले गाडी पाठवतो," तो म्हणाला. "संगं दोघं जन देतो, उचलून बसवतीन."

"मी माह्या गाडीनं येईन, दादा."

"जंगलाचा रस्ता आहे, हर्षा. लोक काय म्हनतीन मले? अन् बंद पडली तं?"

"बंद पडली तं विकून टाकीन. तू म्हनशीन त्याले देईन. पन आली, तं मले पुन्हा कोनी उचलाचं नाई. तू बी नाई."

"बरं," नागसेन म्हणाला. गाडी विकायला निघणार याची त्याला खात्री होती, आणि ते त्याच्या आवाजात ऐकू आलं. हर्षाने दात आवळून फोन ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिने एक चूक केली. धानोऱ्याच्या लोकांसमोर गाडीने जरा देखील धक्का खाऊ नये म्हणून क्लचची केबल तिने जास्तच ताणली. नूरभाई म्हणाला होता, राहू द्या. पण ऐकेल ती हर्षा कसली.

सकाळी तिने वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागे टाकलं. मोहाचे दिवस होते. जंगलात ठिकठिकाणी बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. एका वळणावर गुरांचा कळप आडवा आला आणि ती थांबली. गुरं गेल्यावर मूठ दाबून गिअर टाकला, तर तट्कन आवाज झाला आणि मूठ हातात ढिली पडली.

गाडी हिसका देऊन बंद पडली. मोह वेचणाऱ्या दोघी-तिघी जवळ आल्या. त्यांतली एक म्हातारी खिडकीतून कुबडीकडे पाहत म्हणाली, "भेव नको वो बाई. टेम्पो येईन आता. आमी उचलून बसवून देऊ त्याच्यात."

पुन्हा तोच शब्द. हर्षाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून भयंकर राग आला. केबलचा राग, स्वतःचा राग, त्या भल्या म्हातारीचाही राग. तिने शेजारच्या सीटवरची कुबडी ओढली आणि तिचं रबरी टोक क्लचच्या पेडलवर टेकवून जोर लावला. क्लच खाली गेला.

पण कुबडी धरायला डावा हात गुंतला, मग चालत्या गाडीत गिअर कोण बदलणार? कुणी नाही. पहिल्यात गाडी नुसती रांगली असती, म्हणून उभ्या गाडीतच तिने उजव्या हाताने सरळ दुसरा गिअर टाकला, किल्ली फिरवली, कुबडी हळूहळू वर घेतली आणि गाडी गचका खाऊन निघाली. म्हातारी बाजूला सरून हसायला लागली.

धानोऱ्यापर्यंत तोच गिअर. इंजिन कण्हत होतं, ट्रकवाले हॉर्न मारत होते, एक सायकलवाला पुढे निघून गेला. जाऊ दे म्हणाली.

विहारापुढच्या मांडवात सगळे खोळंबले होते. आत्या आल्याशिवाय त्रिशरण म्हणायचं नाही, असं सांगून रोशनी पांढऱ्या साडीत बसून होती. नागसेन तर रस्त्यावरच येऊन उभा होता. गाडी घुरघुरत त्याच्यापुढे येऊन थांबली. त्याने दार उघडलं आणि सवयीने वाकून दोन्ही हात आत घातले.

"हात काढ, दादा," हर्षा म्हणाली. "ब्रेकवर पाय आहे, अन् क्लचवर कुबडी."

त्याने खाली पाहिलं, तुटलेली केबल पाहिली. "म्हंजे बंद पडली होती."

"पडली होती," ती म्हणाली. "अन् आली. आता तूच सांग काय विकाचं ते."

नागसेनच्या मागे दोघं जण बाह्या सरसावून उभे होते. तो त्यांना म्हणाला, "सरका."

हर्षाने इंजिन बंद केलं, क्लचवरची कुबडी काढली आणि बाहेर जमिनीवर टेकवली. नागसेनने हात मागे घेतले. त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून, ती उतरेपर्यंत तो दार धरून उभा राहिला.