चाखून घातलेला घास

आमच्या शेजारच्या शालनकाकू माशांचं खाद्य आधी स्वतः चाखायच्या. गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "गोड हाय, घाल." गोड म्हणजे बिघडलेलं नाही, एवढंच. आता ती गोळी कशाची? मी महाळुंग्याच्या एका कंपनीत कँटीनला आहे. तिथल्या उरल्यासुरल्या भातभाजीवर काकू अळ्या पोसायच्या, वाळवून दळायच्या, त्यात शेंगदाण्याची पेंड मळायच्या आणि चकलीच्या सोऱ्यातून पाडायच्या. शिफ्ट सुटली की ते खरकटं मीच मोशीला पोचवायचो. पण चाखायचं म्हटलं की मी दोन पावलं मागे सरकायचो.

"तुज्या कँटीनची भाजी खातूस, मग ह्याचं काय भ्याव?" काकू हसायच्या.

काका गेल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या बंद दगडखाणीतल्या पाण्यात रोहू-कटला सोडले होते. विकतचं खाद्य परवडेना, म्हणून हा सगळा खटाटोप. चिंचवडला राहणारा त्यांचा मुलगा सारखा मागे लागायचा, "आई, फ्लॅटवर चल." शेवटी ठरलं, यंदा मासळी हाती लागली तर काकू मोशीतच राहणार, नाहीतर निमूट मुलाकडे जाणार.

पावसाळ्यात काकूंना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नेमकी त्याच वेळी पेंडीला आतून बुरशी धरली होती. मळल्यावर डोळ्यांना दिसली नाही, त्यांच्या जिभेला एरवी नक्की कळली असती. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गोड हाय."

त्या खाद्याची गोणी संपेपर्यंत मासे पोट वर करून तरंगायला लागले होते.

"चव गेली म्हनले असते, तर पोरानं लगेच नेलं असतं रं," खाणीच्या काठावर बसून काकू म्हणाल्या, "माज्या हातानं घातलं मी त्यास्नी." मी काठाला लागलेले मेलेले मासे टोपलीत भरू लागलो.

मुलगा त्यांना घेऊन गेला. थोडे मासे वाचले होते, त्यांचं मी बघू लागलो. काकू मात्र फ्लॅटमध्ये खंगतच गेल्या. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा मी पाडलेल्या गोळ्या पुडीत बांधून नेल्या होत्या. पडल्या पडल्या त्यांनी एक जिभेवर ठेवली, बराच वेळ घोळवली आणि मान हलवली.

"काय कळंना. तूच सांग."

मी गोळी तोंडात टाकली. शेंगदाण्याची चव होती, जराशी खारट.

"गोड आहे, काकू."

"खरं?"

"खरंच."

"मग हितं काय बसलास? जा, घाल जा."

त्यानंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांच्याशिवाय खाणीवर जीव लागत नाही, तरी जातो. रोज गोळी जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो आणि कुणी ऐकायला नसलं तरी मोठ्यानं सांगतो, "गोड हाय, काकू. घालतो."