वेळ कोणी बघितली

सुमनबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला तेव्हा मी चहा गाळत होतो. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली. चहा तसाच राहिला... त्याला आता महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरात लिहिणं माझं काम नाही. पण बाईंच्या नावाला एक खोटी गोष्ट चिकटली आहे, ती मलाच काढायला हवी.

बडोद्याच्या आमच्या शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या आणि प्रयोगशाळा मी सांभाळायचो. तेव्हा अकरावीची मुलं बेडूक कापत. विश्वामित्री नदीकाठच्या डबक्यांतून बेडूक मीच धरून आणायचो, बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकून मीच निजवायचो, मेणाच्या ट्रेत पाय ताणून टाचण्याही मीच मारायचो. बाई म्हणत, "शंकरराव, घड्याळ लावत जा." मी म्हणायचो, "मला बेडूक बघून कळतं." "तुम्हाला कळतं हो, बेडकालाही कळायला हवं ना," त्या म्हणत.

एकदा घाईत मी एक बेडूक बरणीतून लवकर काढला. एका मुलीनं पोट उघडलं आणि त्यानं पाय आखडला. मुलगी ओरडली नाही, कात्री ठेवून मागे सरकली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. आचार्यांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, विचारलं, "वेळ कोणी बघितली?" मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो, जीभ उचलेना. बाई म्हणाल्या, "मी. चूक माझी." त्यांचा अकरावीचा वर्ग वर्षभर काढून घेतला. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त घरचं गजराचं घड्याळ आणून बरणीशेजारी ठेवलं. मी त्याचं तोंड भिंतीकडे करायचो, त्या आल्या की सरळ करायच्या. किती दिवस चाललं हे... शेवटी मीच त्यात बघू लागलो.

बाई गेल्यावर कारेलीबागेतल्या त्यांच्या घरी बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, सगळे जमले, तेव्हा एक जुना विद्यार्थी, आता डॉक्टर आहे, म्हणाला, "बाईंनी आम्हाला जिवंत बेडूक कापायला दिला होता." माणसं हसली. आता माझी नोकरीही नव्हती जायला, तरी मी गप्प बसलो. चपला घालताना बाईंच्या मुलीनं हळूच विचारलं, "काका, आई एवढी निष्काळजी होती का हो?" मी म्हटलं, "लिहून सांगतो." तोंडानं मला जमलं नसतं.

तर वाच, बेटा. वेळ तुझ्या आईनं बघितली नव्हती, मीही बघितली नव्हती. बेडूक मी काढला होता.